किनाऱ्यावरचं हॉटेल आणि उसात पडलेले पत्रे

प्रश्न थोडक्यात असा आहे. केज तालुक्यात हायवेला लागून ढाबा आहे. मे महिन्यात अवकाळीच्या वाऱ्यात निम्मे पत्रे उडून शेजारच्या उसात पडले आणि दोन पाईपचे खांब तर खालच्या काँक्रीटच्या गोळ्यासकट उपटून आले. आता पाहुण्यांसोबत भागीदारीत दिवेआगरजवळ समुद्राच्या बाजूला रेस्टॉरंट टाकायचं आहे. समोरून पूर्ण उघडं हवं, बसल्या जागी समुद्र दिसला पाहिजे आणि 'निसर्ग'सारखं वादळ आलं तरी टिकलं पाहिजे. फॅब्रिकेटर म्हणतो, जाड पाईप वापरू, काही होत नाही. काय करावं?

मी लातूरचा. किल्लारीच्या भूकंपानंतर पुनर्वसनाच्या साइटवर शिकाऊ म्हणून लागलो आणि तेव्हापासून स्ट्रक्चरचंच काम करतो. कोकणात २०२० च्या दिवाळीनंतर जाणं सुरू झालं, ते वादळात गेलेली छपरं परत उभी करायला. तुमचा प्रश्न मला किनाऱ्यापेक्षा केजपासून सोडवावा वाटतो. तुमचा ढाबा का उडाला हे नीट कळलं, तर दिवेआगरचं अर्धं डिझाइन झालं म्हणून समजा.

उपटलेल्या खांबाचा फोटो तुम्ही पाठवलाय. खाली दीड फुटाचा चौकोनी गोळा दिसतो. त्याचं वजन काढू. दीड फूट लांब, रुंद, खोल म्हणजे साधारण सव्वादोनशे किलो. तुमचे खांब १० बाय १३ फुटांवर आहेत, म्हणजे मधल्या एका खांबाच्या वाट्याला १२ चौरस मीटर छप्पर येतं. वाऱ्याचा भार काढायचं आपलं मानक आयएस ८७५, भाग ३. त्यात छत्रपती संभाजीनगरला ३९ मीटर प्रति सेकंद हा मूळ वेग धरलाय, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. तोच वेग केजला धरू. दाबाचं सूत्र सोपं आहे: वेगाचा वर्ग गुणिले ०.६. उत्तर येतं चौरस मीटरला ९१० न्यूटनच्या वर, आपल्या भाषेत ९३ किलो. चारी बाजूंनी उघड्या शेडला वर उचलणारा भार ढोबळमानाने तेवढाच धरला तरी एका खांबावर अकराशे किलोची ओढ येते, वरच्या दिशेने. त्यातून पत्र्याचं आणि पाईपचं वजन दीड-पावणेदोनशे किलो वजा करा. राहिले नऊशेच्या वर. आणि खाली धरून ठेवायला सव्वादोनशेचा गोळा!

तुम्ही म्हणाल, मातीही धरून ठेवते की. धरते, पण तुमची जमीन काळी आहे आणि वारा मे महिन्यात आला. मेमध्ये काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. गोळ्याभोवती माती आकसून फट पडलेली असते, पकड राहतेच कुठे? मी अशा तीन-चार शेडची पाहणी केली आहे. दर वेळी खड्डा स्वच्छ निघालेला दिसला, दाढ उपटावी तसा. फॅब्रिकेटर म्हणतो तसा जाड पाईप वापरला असता तर काय झालं असतं? जाड पाईप उपटून आला असता.

आपल्याकडे मिस्त्रीपासून मालकापर्यंत सगळ्यांच्या डोक्यात इमारत म्हणजे खाली दाबणारं वजन असतं. स्लॅब पडू नये, बीम वाकू नये, पाया खचू नये. वाऱ्याचं काम उलटं आहे, तो हलक्या छपराला वर ओढतो. उफणणी करताना दाणा पायाशी पडतो आणि भुसा उडून जातो, पत्र्याचं शेड म्हणजे तो भुसा. म्हणून पत्र्याच्या स्क्रूपासून ते पायाखालच्या मातीपर्यंत एक साखळी धरायची आणि प्रत्येक कडीला विचारायचं: तुला वर ओढलं तर तू सोडशील का? पत्रा स्क्रूला, स्क्रू पर्लिनला (पत्र्याखालची आडवी लोखंडी पट्टी), पर्लिन कैचीला, कैची खांबाला, खांब बेस प्लेटला (खांबाच्या तळाची लोखंडी पाटी), बेस प्लेट अँकर बोल्टला (काँक्रीटमध्ये गाडलेले बोल्ट), बोल्ट फूटिंगला, म्हणजे जमिनीखालच्या काँक्रीटच्या पायाला. यातली एक कडी कच्ची असली की बाकीच्यांवर केलेला खर्च पाण्यात.

आता दिवेआगर.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच भागात किनाऱ्यावर चढलं, तेव्हा वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. तुम्ही म्हणाल, हे तर केजसाठी धरलेल्या १४० पेक्षा कमीच. पण हे आकडे एकमेकांशेजारी ठेवायचे नसतात. मानकातला आकडा ३ सेकंदांच्या झोताचा आहे, वादळाच्या बातमीतला काही मिनिटांच्या सरासरीचा असतो, झोत त्याहून वरचा. शिवाय आपली वावटळ किंवा अवकाळीचा झोत दहा-पंधरा मिनिटांत आटोपतो. चक्रीवादळ तासन्‌तास फडफडवतं आणि केंद्र पुढे सरकतं तशी दिशाही फिरते. सकाळी एका अंगाने मारणारा वारा दुपारी दुसऱ्या अंगाने येतो. पत्रा हजारो वेळा वर-खाली होतो आणि प्रत्येक हेलकाव्याला स्क्रूभोवतीचं भोक केसभर मोठं होतं. श्रीवर्धनकडच्या एका घराचे खाली पडलेले पत्रे मी हातात घेऊन बघितले होते. भोकं गोल राहिलीच नव्हती, लांबट होऊन कडा फाटल्या होत्या. स्क्रू मात्र पर्लिनमध्ये जागच्या जागी, वॉशरसकट. स्क्रू सुटला नव्हता, पत्राच त्याच्यावरून निघून गेला होता. ०.३५ मिलिमीटरचा पत्रा स्वस्त पडतो म्हणून घेतला की हे असं होतं. तुम्ही ०.५० च्या खाली उतरू नका.

वेग किती धरायचा? मानकात मुंबईला ४४ मीटर प्रति सेकंद आहे. रायगडच्या किनाऱ्यावर मी ४४ च्या खाली जात नाही. समोर उघडा समुद्र, वाऱ्याला अडवायला झाड नाही की घर नाही असंच धरायचं, त्यामुळे त्यावर १.०५ चा गुणक. २०१५ च्या आवृत्तीत चक्रीवादळासाठी वेगळा वाढीव गुणक आला, पण तो पूर्व किनाऱ्याच्या आणि गुजरातच्या ६० किलोमीटर पट्ट्यासाठी आहे. महाराष्ट्राचा किनारा त्यात नाही. कागदावर म्हणून तुम्हाला तो लागू नाही. निसर्ग आणि दुसऱ्याच वर्षी मे महिन्यात कोकणाला घासून गुजरातेत गेलेलं तौक्ते बघितल्यावर मी मात्र १.१५ लावतोच. वेगावर १५ टक्के म्हणजे दाबावर जवळपास ३२ टक्के, कारण वर्ग. सगळं धरून चौरस मीटरला सुमारे १७२ किलो येतात. तुमच्या केजच्या ९३ च्या जवळजवळ दुप्पट.

हा झाला मूळ दाब. छपरावर प्रत्यक्ष किती ओढ येणार ते इमारतीच्या आकारावर ठरतं, आणि इथेच तुमच्या 'समोरून पूर्ण उघडं'चा प्रश्न येतो. तीन बाजूंना भिंती आणि समुद्राकडे तोंड उघडं म्हणजे वाऱ्याकडे तोंड करून धरलेलं पोतं. वारा आत शिरतो, बाहेर पडायला वाट नसते, तो छपराला आतून वर ढकलतो. त्याच वेळी छपरावरून जाणारा वारा बाहेरून वर ओढत असतो. दोन्ही एकाच दिशेने. मानकाच्या हिशोबात बंद इमारतीला आतल्या दाबाचा गुणक ०.२ असतो, मध्यम उघडीप असेल तर ०.५, आणि भिंतीच्या २० टक्क्यांहून जास्त उघडी असेल तर ०.७. तीन भिंती अधिक एक उघडी बाजू, यापेक्षा वाईट आकार हलक्या छपरासाठी नाही. आणि समुद्रकिनाऱ्यावर फिरून बघा, दर दुसरं हॉटेल नेमकं याच आकाराचं.

माझा सल्ला असा की एक इमारत बांधू नका, तीन तुकडे करा, आणि तिन्हींना वेगवेगळं नशीब द्या.

मागचा तुकडा म्हणजे स्वयंपाकघर, कोठार, संडास-बाथरूम, कामगारांची खोली. हा पूर्ण आरसीसी, वर स्लॅब, खिडक्या लहान. भिंत तिकडे चिऱ्याची करतील, चांगलीच असते, फक्त लिंटल पातळीला, म्हणजे दार-खिडक्यांच्या डोक्यावर, सलग आरसीसी पट्टा फिरवा. जड स्लॅब वाऱ्याला जुमानत नाही. आपल्या जुन्या माळवदांचे पत्रे कधी उडाले नाहीत, कारण ते पत्रेच नव्हते, दोन-अडीच फूट माती होती. अर्थात तेच वजन ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत लोकांच्या अंगावर आलं. लातूरच्या माणसाने जड छप्पर सुचवावं आणि भूकंप विसरावा असं होत नाही. कोकणालाही भूकंपाचा हिशोब आहे, म्हणून स्लॅबखाली फ्रेम हवी, सळईच्या रिंगा जवळजवळ हव्यात आणि रिंगेचे हूक १३५ अंशात आत वळवलेले हवेत. वादळाच्या रात्री तुमची माणसं याच खोलीत बसणार आहेत.

मधला तुकडा जेवणाचा हॉल. याला लोखंडी कैची आणि पत्रा चालेल, किंवा कौलं हवी असतील तर पत्र्यावर कौलं. आकार चौपाखी घ्या, म्हणजे चारी बाजूंना उतरणारा. दोनपाखी छपराच्या त्रिकोणी भिंतीवर वारा सरळ आदळतो आणि कडेला पत्रा उचलतो, चौपाखीला तशी उघडी कडच नाही. उतार २५ ते ३० अंश. आपल्याकडे शेडला पाच-सात अंशाचा उतार देतात, लोखंड वाचतं म्हणून, पण एवढ्या सपाट छपरावर ओढ सगळ्यात जास्त असते. वळचण भिंतीच्या बाहेर दीड फुटापेक्षा जास्त काढू नका. पावसाला जास्त हवी असं तिकडचे गवंडी सांगतील. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, आपल्याकडे सातशे-आठशे, त्यामुळे त्यांचं चुकत नाही. मग वळचणीखाली वेगळी पडवी करा, जिचं छप्पर मुख्य छपराला जोडलेलं नसेल. पडवीचा पत्रा उडाला तर त्याने मुख्य छप्पर सोबत सोलून नेऊ नये, एवढ्यासाठी.

हॉलच्या भिंतीचं काय? समुद्र दिसायला हवा आणि वादळात बंदही करता आला पाहिजे. रोलिंग शटर लावाल तर एक सांगतो, साधं शटर वाऱ्याला टिकत नाही. मधून पोट फुगतं आणि पट्ट्या गाइडमधून निसटतात. १० फुटांपेक्षा रुंद शटर नको, आणि पट्टीच्या टोकाला गाइडमध्ये अडकणारे हूक असलेलंच घ्या. त्यापेक्षा लाकडी घडीची दारं मला जास्त आवडतात: चार-चार फुटांची पानं, खालीवर कडी, वादळाच्या वेळी आतून आडवा अडणा. जुन्या वाड्याच्या दिंडीला असतो ना, तसाच. समुद्राकडे मोठमोठ्या काचा लावायचा मोह आवरा. उडत आलेला नारळ काचेला विचारून येत नाही, आणि काच फुटली की बंद हॉल त्या क्षणी उघडा होतो, ०.२ चा गुणक ०.७ होतो. छपराचं डिझाइन मी दारं तुटली असं समजूनच करतो.

पुढचा तुकडा, वाळूच्या बाजूचा, मांडव. बांबू, झावळा, दोरी. हा वादळाला द्यायचा. याच्यात एक रुपयाही मजबुतीसाठी घालू नका, सकाळी सोडता येईल असा बांधा. गिऱ्हाईक इथेच बसणार, फोटो इथेच काढणार, समुद्र इथूनच दिसणार. तुम्हाला जे 'समोरून पूर्ण उघडं' पाहिजे होतं ते हेच, आणि ते उडालं तर आठवड्यात परत उभं राहील.

जागेचं तुम्ही लिहिलं नाही, पण हे सगळं कुठे बसणार त्यावर बरंच अवलंबून. २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेप्रमाणे दाट वस्तीच्या ग्रामीण भागात भरतीरेषेपासून ५० मीटर आणि विरळ वस्तीच्या भागात २०० मीटर ना-विकास क्षेत्र आहे. दाट म्हणजे २०११ च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरला २१६१ हून जास्त माणसं. तुमचा गट नंबर मंजूर नकाशावर कुठे पडतो ते इसार द्यायच्या आधी बघा, नंतर नाही. विकणारा 'इथं सगळ्यांनी बांधलंय' म्हणेल. बांधलंय खरं, पण पाडायची नोटीस ज्याच्या नावावर येते तो विकणारा नसतो.

आणि समोरची वाळूची टेकडी, तिच्यावरचं सुरूचं बन, समुद्र नीट दिसावा म्हणून सपाट करू नका. वारा आणि लाट आधी ती खाते. नारळ-पोफळी मात्र इमारतीपासून झाडाच्या उंचीइतक्या लांब हव्यात. निसर्ग वादळात कित्येक घरं वाऱ्याने गेलीच नाहीत, अंगावर पडलेल्या झाडाने गेली.

आता लोखंडाचं, म्हणजे तुमच्या फॅब्रिकेटरचं. त्याच्याकडून तीन जागी उभं राहून काम करून घ्यावं लागेल.

पहिली जागा स्क्रू. हॉलच्या छपराला वळचण, आढं आणि कोने यांच्या मीटर-दीड मीटरच्या पट्ट्यात ओढ दुप्पट धरायची, म्हणजे चौरस मीटरला साडेतीनशे किलोच्या आसपास. पर्लिन चार फुटांवर असेल आणि पत्र्याच्या प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू असेल तर एका स्क्रूच्या वाट्याला शंभर किलो येतात. एक सोडून एक मारला तर दोनशे. कामगार एक सोडून एकच मारतात, वरून कोण मोजतंय? कडेच्या पट्ट्यात पर्लिन तीन फुटांवर घ्या, प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू आणि स्क्रूखाली रुंद वॉशर. मधल्या भागात एक सोडून एक चालेल. पत्र्यावर दगड किंवा वाळूची पोती ठेवायची आपल्याकडची रीत तिकडे नेऊ नका. खरं तर इकडेही ठेवू नका, उडालेल्या पत्र्यापेक्षा त्याच्यासोबत आलेला दगड जास्त जीव घेतो.

दुसरी जागा पर्लिन आणि कैचीचा जोड. इथे दोन ठिकाणी वेल्डिंगचा टाका मारून पुढे सरकतात. खाऱ्या हवेत गंज सगळ्यात आधी त्या टाक्यालाच धरतो, कारण तिथला जस्ताचा थर वेल्डिंगने जळालेला असतो. क्लीट (जोडाचा लोखंडी कोन) लावा, दोन बोल्टने बांधा, आणि शक्य असेल तर सगळे तुकडे बनवून, भोकं पाडून मग हॉट डिप गॅल्व्हनायझिंगला, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवायला, पाठवा. साइटवर वेल्डिंग कमीत कमी. औशाकडच्या एका मंगल कार्यालयाच्या शेडला मी ड्रॉइंगमध्ये बोल्ट दाखवले होते, साइटवर टाके मारले गेले. मी शेवटच्या टप्प्यात फिरकलो नाही, ती माझी चूक. दुसऱ्याच उन्हाळ्यात पाच पर्लिन पत्र्यासकट सुटल्या. कार्य नव्हतं त्या दिवशी, हे नशीब.

तिसरी जागा खांबाचा पाय. हॉटेलची फरशी रोज धुतली जाते. कोकणात ते पाणी वाळत नाही आणि त्यात हवेतलं मीठ. फरशीच्या पातळीला बेस प्लेट ठेवली की चार-पाच वर्षांत पाईपचा तळ खाल्ला जातो. वरून रंग छान, आणि हातोडीने टकटक केलं की पापुद्रे पडतात. म्हणून फरशीवर आठ-नऊ इंच काँक्रीटचा ओटा वर काढा, बेस प्लेट त्याच्यावर, चार अँकर बोल्ट काँक्रीट ओततानाच सळईच्या पिंजऱ्याला बांधून सोडलेले, प्रत्येकाला दोन नट. बाहेर आलेल्या सळईला प्लेट वेल्ड करायची पद्धत आहे, ती चालू देऊ नका.

पाया. तिकडे काळी माती नाही, वाळू आहे आणि पाणी वर आहे. हॉलच्या एका खांबावर १२ चौरस मीटर छप्पर धरलं तर अडीच ते पावणेतीन टनांची ओढ वर येते. दीड मीटर चौरस फूटिंग, एक फुटाच्या वर जाड, आणि त्यावर मीटरभर भराव, असं केलं तर कोरड्या जमिनीत पाच टनांहून जास्त वजन खाली बसतं. वाटतं भरपूर झालं. पण वादळात पाऊस आणि भरती दोन्ही असतात, पाणी वर येतं, आणि पाण्यात बुडालेल्या काँक्रीटचं आणि वाळूचं वजन तेवढं भरत नाही. तेच पाच टन तीनवर येतात. म्हणून मी हिशोब पाण्याखालचाच धरतो आणि सगळी फूटिंग प्लिंथ बीमने (जमिनीलगतच्या आडव्या आरसीसी तुळईने) एकमेकांना बांधतो, म्हणजे एक उचलायला लागलं की शेजारची धरतात.

काँक्रीटवर तुमच्या ठेकेदाराशी भांडण होणार, ते आत्ताच सांगून ठेवतो. आयएस ४५६ प्रमाणे किनारी हवेत उघडं असलेलं काँक्रीट 'सिव्हिअर' वर्गात येतं: किमान एम-३० (हा काँक्रीटच्या ताकदीचा दर्जा), पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ च्या आत, सळईवर ४५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे काँक्रीटचं आवरण. समुद्राचे तुषार अंगावर येत असतील तर त्याच्या वरचा वर्ग, एम-३५ आणि ५० मिलिमीटर. आपल्याकडे खडीचा तुकडा सळईखाली सरकवतात, २० मिलिमीटर, आणि त्याला कव्हर म्हणतात. किनाऱ्यावर ते म्हणजे सळईला मीठ चारणं. सिमेंटचे कव्हर ब्लॉक मोजून घ्या आणि स्लॅब भरायच्या सकाळी स्वतः टेप लावून बघा. दुसरं, पाणी. किनाऱ्यालगतची विहीर मचूळ असू शकते. आरसीसीच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत द्या, नाहीतर टँकर. आणि समुद्राची वाळू कुठल्याही कारणाने नको, प्लास्टरलासुद्धा नको. सिमेंट पीपीसी (राख मिसळलेलं) किंवा स्लॅगचं (भट्टीची मळी मिसळलेलं) घ्या, मिठाला ते जास्त दाद देत नाही. एम-३० घमेल्याने मोजून होत नाही. वजनाने मोजा, आणि मिक्सरपाशी बसलेला माणूस 'माल घट्ट झालाय' म्हणत जी एक बादली जास्त ओततो, ती बादली तुमच्या ताब्यात ठेवा. मी एका साइटवर खरंच बादली गाडीत घालून ठेवली होती. लोक हसले, पण माल बरोबर निघाला.

बारीकसारीक गोष्टी भराभर सांगतो. गॅसची १९ किलोची सिलिंडरं बाहेर, जाळीच्या खोलीत, ओट्यावर आणि साखळीने बांधलेली. एलपीजी हवेपेक्षा जड, त्यामुळे खड्ड्यात किंवा तळघरात कधीच नाही. पुरात अर्धी रिकामी सिलिंडरं तरंगून वाहत जातात, म्हणून साखळी. इलेक्ट्रिक पॅनेल आणि जनरेटर तुमच्या माहितीतल्या सगळ्यात वरच्या पाण्याच्या वर. ते पाणी कुठवर आलं होतं ते गावातल्या म्हाताऱ्या कोळ्यांना विचारा, सरकारी कागदापेक्षा नेमकं सांगतात. स्लॅबवरच्या प्लास्टिकच्या टाक्या पट्ट्यांनी बांधा आणि वादळ येणार कळलं की भरून ठेवा. रिकामी टाकी फुग्यासारखी जाते. चिमणीच्या डक्टला तारांचे ताण द्या. आणि तुमच्या केजच्या ढाब्यावर जो वीस फुटी फ्लेक्सचा बोर्ड होता, तो तिकडे नको. बोर्ड म्हणजे शीडच, आणि तो ज्या खांबाला बांधता त्याला घेऊन जातो. अक्षरं सुटी करून भिंतीवर लावा.

एक सोय मात्र किनाऱ्याला आहे जी आपल्याला नाही. अवकाळी आपल्याकडे दुपारी ढग दाटले की तासाभरात अंगावर. चक्रीवादळाचा इशारा हवामान खातं ४८ तास आधी देतं आणि २४ तास आधी पुन्हा, कुठे धडकणार त्यासकट. म्हणजे तुम्हाला दोन दिवस मिळतात. त्या दोन दिवसांत काय सोडायचं, कोणी सोडायचं हे स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहून ठेवा: मांडवाच्या झावळा खाली, खुर्च्या-टेबलं कोठारात, टाक्या भरल्या, दारांना अडणे, गॅस बंद. पाऊस आत येतो म्हणून पोरं ताडपत्र्या सोडतात, त्या मुळीच सोडू नका. ताडपत्रीने एक बाजू बंद झाली की पुन्हा तेच पोतं.

तुमच्या फॅब्रिकेटरने दिलेलं कोटेशन मी बघितलं. त्यात टनभर लोखंड आहे आणि अँकर बोल्ट, क्लीट, वॉशर यांची एक ओळही नाही. ते वेगळ्या ओळींत, नगावर लिहून मागा. पाईपची जाडी त्याच्या आकड्यापेक्षा एक पायरी कमी केलीत तरी मी सही करीन, पण त्या ओळी आल्याशिवाय नाही.

आता एक काम करा. ज्या जागेवर मागचा स्लॅबचा भाग येणार आहे तिथे सहा फुटी खड्डा घ्या, आणि येत्या अमावस्येला पूर्ण भरतीच्या वेळी त्यात पाणी जमिनीपासून किती खाली आहे ते टेपने मोजा. पावसाळ्यात पुन्हा एकदा. ते दोन आकडे, गट नंबरचा नकाशा आणि विहिरीच्या पाण्याचा रिपोर्ट एवढं पाठवलंत की फूटिंगचं माप मी काढून देतो.